निशाणी डावा अंगठा

मी काय काम करते हे विचारलं की मी हल्ली "ऑफिसात" एवढंच सांगते. खरं सांगितलं की समोरचा माणूस एक तर गावाकडच्या भांडणाची फाईल काढतो, नाही तर एकदम सावध होतो. मी जमिनीचे जुने कागद शोधते, वकिली भाषेत सर्च. कुणाला जागा घ्यायची असली की त्याचा वकील आधी त्या जागेचे गेल्या तीस वर्षांतले सगळे व्यवहार तपासून घेतो. कुणी विकली, कुणी गहाण टाकली, कुणी हक्क सोडला. वकील स्वतः त्या धुळीत बसत नाहीत, ते माझ्यासारखीला पाठवतात. शोधायचं मी, लिहायचं मी, आणि खाली सही त्यांची.

दापोडीहून निघायचं, कधी पिंपरीत, कधी चाकणकडे. वीस वर्षं हेच. या वीस वर्षांत या कामाची ओढ कमी झाली नाही आणि या कामातली माणसं आवडलीही नाहीत. दोन्ही एकदम होऊ शकतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता चिंचवडच्या एका वकिलांनी मला निघोज्याच्या पुढच्या एका गावातला जमिनीचा एक गट तपासायला दिला. गावाचं नाव सांगत नाही. घेणारा ट्रान्सपोर्टवाला होता, त्याला गोडाऊन बांधायचं होतं. विकणारे दोघे भाऊ. दिवाळीच्या आत व्यवहार उरकायची सगळ्यांनाच घाई होती. "साधं काम आहे मॅडम," वकील म्हणाले, "वडिलार्जित जमीन, भाऊ एकत्र आहेत, भांडणतंटा नाही. चार दिवसांत रिपोर्ट द्या."

साधं काम असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पहिल्यांदा मी तालुक्याच्या अभिलेख कक्षातून वारसनोंदीचे जुने कागद काढले. या भावांचे वडील सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तलाठ्यानं वारसांचे जबाब घेतले होते. वारस तीन होते: दोन मुलगे आणि एक मुलगी, सगळ्यांत थोरली, लग्न होऊन थेरगावला दिलेली. तिघांच्या सह्या होत्या. भावांच्या सह्या बैलगाडीची चाकं निखळावीत तशा, वाकड्यातिकड्या. बहिणीची सही मात्र इतकी गोल आणि नेटकी, की मी तिच्यावरून बोट फिरवलं. नावाखाली कंसात लिहिलं होतं, बालवाडी शिक्षिका.

आजच्या सातबाऱ्यावर मात्र ही बहीण नव्हती. म्हणजे मधे कुठेतरी तिनं आपला हिस्सा भावांना सोडून दिलेला असणार. ते हक्कसोड पत्र शोधायला मी नोंदणी कार्यालयात गेले.

तिथला रेकॉर्ड सांभाळणारा कारकून आणि मी यांचं जुनं वैर. एकदा जुन्या दस्तांच्या एका खंडातलं पान ब्लेडनं कापलेलं सापडलं होतं, आणि मी ते तोंडी न सांगता लेखी दिलं होतं. तेव्हापासून मी दारात दिसले की त्याचा चहा कडू व्हायचा.

"तो खंड बाइंडिंगला गेलाय."

"कधी येईल?"

"आला की येईल."

मी समोरच्या बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि परत तिथंच बसले. तो दर तासाला मान वर करून बघायचा, मीही बघायची. लग्नाच्या नोंदणीसाठी आलेलं एक जोडपं माझ्या शेजारी बसून गेलं, फ्लॅटवाले आले आणि गेले, मी आपली तिथंच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मागच्या खोलीतून एक खंड आणला आणि माझ्यापुढं असा आपटला की माझ्या पोळीभाजीच्या डब्यावर धूळ बसली.

"घ्या. बाइंडिंगहून आला."

बाइंडिंग कसलं, त्याच्या सुतळीवर मुंग्यांनी घर केलं होतं. पण मी खंड उघडला. मला पाहिजे ते मिळालं होतं.

दस्त दोन पानांचा होता, वडील गेल्यावर दोन वर्षांनी केलेला, संगणक यायच्या आधीचा. त्यामुळे फोटोबिटो काही नाही. मजकूर नेहमीचाच. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, मला माझ्या लग्नात सर्व काही मिळालेले असल्याने, माझा हिस्सा मी माझ्या भावांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. असे शेकडो मी वाचलेत. बायकांच्या तोंडी घातलेली ही वाक्यं बायकांनी कधी उच्चारलेली नसतात, हे मला ठाऊक आहे. पण खाली सही असते, आणि सही असली की माझं काम संपतं.

इथं सही नव्हती. बहिणीच्या नावापुढं लिहिलं होतं, निशाणी डावा अंगठा.

मी पिशवीतून वारसाच्या जबाबाची नक्कल काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. बालवाडीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणारी बाई दोन वर्षांत सही करायची विसरते का? मी दस्ताच्या नकलेचा अर्ज भरला. कारकुनानं तो दोनदा परत केला, एकदा शाई निळी म्हणून आणि एकदा गट नंबर नीट दिसत नाही म्हणून. तिसऱ्यांदा घेतला.

वकिलांना मी दोन्ही नकला दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"यात काय आहे?"

"साहेब, ही बाई शिकलेली आहे. ती अंगठा कशाला देईल?"

"हात दुखत असेल."

"साहेब!"

"हे बघा मॅडम. दस्त नोंदलेला आहे का? आहे. त्यावरून सातबाऱ्यावर फेरफार झालाय का? झालाय. पंचवीस वर्षांत कुणी हरकत घेतली का? नाही. संपलं. खरा का खोटा हे कोर्ट बघेल. तुम्ही पोलीस आहात का?"

"मी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिते. फक्त तफावत दिसते, एवढंच."

"नाही लिहायची. माझा अशील पळून जाईल. आणि खरं सांगू का, तुम्हाला हल्ली प्रत्येक कागदात चोर दिसायला लागलाय. वयानं होतं तसं."

शेवटचं वाक्य ते हसत हसत बोलले. त्यांच्या ज्युनियर पोरीही हसल्या. मी नकला पिशवीत टाकल्या आणि जिना उतरले. उतरताना ठरवलं, की ही बाई जिवंत असेल तर तिला गाठायची.

मी न्यायासाठी वगैरे गेले नाही. त्या बाईचं मला काही पडलं नव्हतं. मला त्या वकिलाला खोटं पाडायचं होतं.

थेरगावात तिला शोधणं अवघड गेलं नाही. डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत भाजीवालीला विचारलं, इथं पूर्वी बालवाडीच्या बाई राहायच्या त्या कुठं? ती म्हणाली, माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हाताखालून गेली. तिनंच बिल्डिंग दाखवली. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

दार उघडलं, पण बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं. पासष्टीची बाई, किडकिडीत, पांढरे केस घट्ट बांधलेले. एकटीच राहत असावी. आत टीव्ही नव्हता, माणसांचा आवाज नव्हता.

"कोण पाहिजे?"

"बाई, मी जमिनीच्या कागदांचं काम करते. तुमच्या माहेरच्या जमिनीबद्दल एक विचारायचं होतं."

"माहेरच्या जमिनीबद्दल मला विचारणाऱ्या तुम्ही कोण? भावांना विचारा माझ्या."

"एकच सांगा. तुम्ही त्यांना हक्कसोड लिहून दिलंय का?"

"काय दिलंय?"

मी नक्कल जाळीतून आत सरकवली. तिनं ती घेतली नाही, नुसती बघत राहिली. मग आत जाऊन चष्मा घेऊन आली आणि उभ्यानंच वाचायला लागली. सावकाश वाचलं, एकही ओळ न गाळता. दुसरं पान उलटलं. मी जिन्यात उभी. खालून कुणी तरी कपडे आपटत होतं.

"ही मी नाही," ती म्हणाली. मग, "अंगठा?"

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आमच्या गावात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. आळीतल्या बायकांची पत्रं मी लिहायचे. आणि माझा अंगठा?" तिचा आवाज चढला होता. मला वाटलं आता ती भावाला शिव्या देणार. तिनं माझ्याकडं बघितलं. "हे तुला कुणी आणून द्यायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का आलीस?"

उत्तराची वाट न बघता ती पुढं बोलत राहिली.

"मी दर भाऊबीजेला जाते. एकही साल चुकवलं नाही. दर वर्षी थोरला भाऊ म्हणतो, आक्का, तुझं नाव हाय बरं का सातबाऱ्यावर, ते कुठं जात न्हाई. आणि मी म्हणते, राहू दे रे, मला काय करायचंय. पंचवीस वर्षं आम्ही दोघं असं बोलतोय." तिनं चष्मा काढला. "आठ दिवसांवर भाऊबीज आलीय. आता मी त्याला कशी ओवाळू, ते सांग. सांग ना! आलीस ना एवढी तीन मजले चढून?"

"बाई, तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून..."

"मला काय माहीत हवं ते मी ठरवीन. सातबारा आजकाल मोबाईलवर दिसतो, हे काय मला कळत नाही? मी कधी बघितला नाही. का नाही बघितला, तुझ्यासारखीला नाही कळायचं."

कागद तिनं आतच ठेवला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून जाळीला खोचला आणि निघाले.  जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसलं काहीच वाटलं नाही.

वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. "तुम्ही तिच्या घरी गेलात? कुणाला विचारून?" मी रिपोर्ट पुढं केला. त्यात ती ओळ होतीच, आता खाली आणखी एक होती: सदर स्त्रीने दस्त करून दिल्याचे समक्ष नाकारले. त्यांनी तो टेबलावरून माझ्याकडं ढकलला. "तुमचं माझं काम संपलं." पण दुसऱ्या कुणाकडून बिनतक्रारीचा रिपोर्ट करून घेऊन त्यावरही त्यांनी सही केली नाही. घाबरट माणूस. उद्या प्रकरण अंगाशी आलं तर, म्हणून त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याला गुपचूप सांगून टाकलं, आणि त्यानं आठवड्यात दुसरीकडं जागा बघितली. माझं नाव मात्र वकिलांच्या वर्तुळात फिरलं. ती बाई व्यवहार मोडते. तीन जणांनी काम देणं बंद केलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी भरदुपारी आमच्या दापोडीच्या गल्लीत एक पांढरी मोठी गाडी शिरली. गल्ली एवढी अरुंद, की गाडीचे आरसे मिटावे लागले. तिघं जण उतरले. पुढं होता तो साठीचा, पांढरे कपडे, कपाळाला गंध. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"तुमीच का त्या सर्चवाल्या?"

मी दारात आले.

"मी निघोज्याकडचा, दोघा भावांतला थोरला. आमची जमीन तुमी अडकवली." मग घरावर, दारावरच्या निळ्या पट्टीवर, आतल्या भिंतीवरच्या तसबिरीवर नजर फिरवून म्हणाला, "आडनाव काय म्हनायचं तुमचं?"

मी सांगितलं. तो सोबतच्यांकडं बघून हसला. "हां. म्हंजे तरीच."

आईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. माझी आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं भाकऱ्या भाजत होती. तिला कानानं कमी ऐकू येतं, असं ती सोयीप्रमाणं सांगते.

"तरीच काय?" आई म्हणाली.

"तुमाला न्हाई बोललो, मावशी."

"माझ्या दारात बोललात. तरीच काय, तेवढं पुरं करा वाक्य."

तो मला म्हणाला, "हे बघा ताई, आमच्या घरातलं भांडान हाय. भाऊ-बहिनीचं. तुमी मधी पडायचं कारन न्हाई."

"भांडण कुठं होतं?" मी म्हटलं. "भांडायला तिला माहीत तर हवं होतं."

त्याचा चेहरा बदलला. आवाज मात्र त्यानं खाली आणला, अगदी घरच्यासारखा. "तुमी स्कुटीवर येता ना चाकनला? तिकडं ट्रक लई असत्यात. कंटेनर तर इचारू नका. जपून जात जा."

 आई उठली, ओट्याच्या कडेला आली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं ए, या गं सगळ्या! हे साहेब काय म्हणतात ऐका. माझ्या पोरीला ट्रकखाली घालतो म्हणतात!"

"आसं न्हाई म्हनलो मी!"

"मग कसं म्हणालात? परत म्हणा. मला कमी ऐकू येतं."

समोरच्या दारातून दोघी आल्या, वरच्या गॅलरीतून तिघी वाकल्या, नळावरची बाई हंडा तसाच ठेवून आली. कुणीतरी मोबाईल वर धरला. त्या माणसाला बोलता येईना आणि गाडी वळवता येईना. शेवटी ती उलटीच मागं घ्यावी लागली, गल्लीच्या टोकापर्यंत, आणि बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून बघत होत्या.

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर चार-पाच महिने मी स्कुटी काढली नाही. बसनं जायची, आणि मागं एखादा कंटेनर जवळ आला की खिडकीचा गज धरून बसायची. पोलिसात तक्रार लिहून आले, त्यांनी ती ठेवून घेतली.

थंडीत कधी तरी एक फोन आला.

"तूच ना ती? जिन्यात आलेली?"

"हो बाई."

"उद्या सकाळी ये. दहाच्या आत."

या खेपेला जाळीचं दार उघडलं. बस म्हणाली नाही, चहा विचारला नाही, पण मी बसले. तिच्यापुढं कागद नीट लावून ठेवलेले होते, प्रत्येकाला टाचणी.

"भाऊबीजेला गेले होते," ती म्हणाली. "ओवाळलं त्याला. मग ताट खाली ठेवलं आणि तो कागद पुढं केला. म्हटलं हे काय आहे? माहितीय काय म्हणाला? आक्का, तुला ल्हिता येतं ते त्या घाईत ध्यानात न्हाई आलं."

तिनं पुढचा कागद माझ्याकडं सरकवला.

"शेतावर कामाला येणारी एक बाई नेली होती म्हणे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून अंगठा. माझी वहिनी तिथंच उभी होती. म्हणाली, वन्सं, आता जेवून घ्या." तिनं कागद सरळ केले. "मी जेवले नाही. धाकटा भाऊ मला स्टँडपर्यंत सोडायला आला, तोंडातून एक शब्द काढला नाही त्यानं. मी दावा लावणार आहे. वकील बघितलाय. तो म्हणतो, फसवणूक कधी कळली तिथून मुदत मोजतात. कधी कळली हे सांगायला साक्षीदार लागतो. तो तू."

"मी?"

"मग कोण? तूच आणून दिलंस ना? आता सुटका नाही तुझी."

विनंती नव्हती ती. बालवाडीत पोराला कोपऱ्यात उभं करावं तसा हुकूम होता. मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. दावा लागला, आणि जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस त्याच नोंदणी कार्यालयात नोंदवली, म्हणजे दुसरा कुणी घेणारा आला तरी त्याला ती दिसावी. विक्रीला कोर्टानं मनाई केली.

माझी साक्ष व्हायला वर्ष उलटलं. भावाचा वकील तरुण होता, झकपक होता, आणि त्याला माझ्यात करमणूक दिसत होती.

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

"हस्ताक्षरतज्ज्ञ?"

"नाही."

"पोलीस खात्यात?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला या कामाचा काहीही अधिकार नाही. तरी तुम्ही वादीच्या घरी गेलात. यात तुमचा काय फायदा होता?"

"काही नाही."

"फायदा नसताना कुणी तीन मजले चढत नाही, मॅडम. तुम्हाला समाजसेवा करायची होती? की काही लोकांचा जमीनवाल्यांवर जुना राग असतो, तसं काही?"

काही लोकांचा, या शब्दांवर त्यानं जरा जोर दिला. आडनाव त्याच्यापुढच्या कागदावर होतं.  वाटलं, द्यावं एक सणसणीत उत्तर. पण शपथ घेतलेली होती, आणि खरं उत्तर माझ्याकडं तयार होतं.

"मी ज्या वकिलांचं काम करत होते ते मला म्हणाले की मला वयामुळं सगळीकडं चोर दिसतात. ते चुकीचे आहेत हे मला दाखवायचं होतं. म्हणून गेले."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. भावाच्या वकिलानं प्रश्न तिथंच थांबवले. रागानं गेलेली बाई विकत घेतलेली आहे असं म्हणणं अवघड होतं. मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा बाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

बाहेर बसथांब्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. ऊन होतं. ती माझ्याकडं वळली.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हती आलीस तू."

"नाही."

"बरं झालं. मला कुणाचे उपकार नकोत." बस आली, गर्दी होती, आम्ही ती सोडली. मग ती म्हणाली, "तुझ्यामुळं माझं माहेर गेलं."

"माझ्यामुळं नाही, बाई."

"ठाऊक आहे मला. पण तुला म्हणता येतं. त्याला म्हणायला गेले की रडू येतं, आणि त्याच्यापुढं मला रडायचं नाही."

पुढच्या बसमध्ये तिला जागा मिळाली, मला नाही. तिनं माझी पिशवी मात्र मांडीवर घेतली.

शेवट नाट्यमय झाला नाही. दस्ताच्या नकलेत अंगठा दिसत नाही, पण त्या काळी कार्यालयात अंगठ्यांचं वेगळं पुस्तक असायचं, त्यात खरा ठसा घेतलेला असतो. बाईच्या वकिलानं ते कोर्टात मागवलं. पहिल्या तारखेला पुस्तक सापडत नाही असं पत्र आलं. मी त्या कारकुनाकडं गेले. तिथल्या बाकावर बसले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "किती दिवस बसणार?" मी म्हटलं, "सापडेपर्यंत." पुढच्या तारखेला तोच पुस्तक घेऊन कोर्टात हजर झाला. पुस्तक घेऊन माझ्यासमोरून गेला, पण मान वळवली नाही.

तज्ज्ञाकडं ठसा जायच्या आधीच थोरल्या भावानं तडजोड मागितली. धाकट्या भावानं तर आपलं वेगळं म्हणणं देऊन टाकलं होतं, की आक्काचं नाव लावा, माझी हरकत नाही. पंचवीस वर्षं गप्प बसल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तडजोडीवर सही करताना थोरला म्हणाला, "आक्का, आता तरी घरला येशील?" तिनं सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "तुझ्याकडं काही काम निघालं तर वकिलाकडून कळव."

तिचा तिसरा हिस्सा मोजून, हद्दीचे दगड लावून वेगळा झाला. सातबाऱ्यावर नाव चढलं त्या दिवशी मी तिला मोबाईलवर उघडून दाखवला. तिनं तो वाचला, नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय म्हणाली, आणि दुरुस्तीचा अर्ज मला तिथल्या तिथं लिहायला लावला.

आता त्या पट्ट्यात सगळीकडं गोडाऊनं झालीत. दोन्ही भावांनी आपापले हिस्से विकले. मधे तिचा तेवढा तुकडा मोकळा आहे, गुडघाभर गवत, भोवती तारेचं कुंपण. थोरल्या भावाच्या नव्या बंगल्याचा रस्ता त्याच्या कडेनं जातो. घेणारे तिच्या दारात रांग लावतात. ती जाळीच्या दारातूनच त्यांना परत पाठवते.

मी एकदा विचारलं, "बाई, विकायचीही नाही, कसायचीही नाही. मग करायचं काय त्याचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "रोज जाता-येता त्याला दिसू दे."

आणि मला चहा विचारायला ती त्याही दिवशी विसरली.